सड्यावरची फुलं आणि सातबारा

रत्नागिरीकडच्या माणसाला "तुमच्या सड्यावर काय आहे?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काय असणार? कातळ." गावाच्या वर, घाटी चढून गेलं की जे सपाट, उघडं, काळपट-तांबूस रान लागतं, तो आमचा सडा. खाली खाडीच्या काठाने मोहल्ला, मशीद, माडाच्या बागा, भाताचे मळे आणि वर हा सडा. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आमची घरं, गडगे आणि विहिरी बांधल्या, तोच हा दगड. फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने केरळात लोक हा दगड विटांसारखा कापून काढताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. आपल्या 'चिरा' शब्दाचाच तो भाऊ म्हणायचा.

मे महिन्यात या सड्यावर पाय ठेववत नाही, इतका तो तापतो. गवत वाळून गेलेलं, कुठे वणव्याने काळं झालेलं, करवंदाच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. सातबाऱ्यावर आमच्या सड्याच्या तुकड्याचा बराचसा भाग 'पोटखराबा' म्हणून लिहिलेला आहे. पोटखराबा म्हणजे पिकाला निरुपयोगी. पडजमिनींच्या सरकारी नकाशांतही असा उघडा खडक पडीक जमिनीच्याच खान्यात जातो. महसुलाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत त्याच खराब्यावर जे उगवतं, त्याची नोंद ठेवायला सातबाऱ्यावर रकाना नाही.

मुलांचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला आहेत. आपल्या कोकणातल्या किती घरांची हीच कहाणी आहे, हे वाचकांना सांगायला नको. त्यांची सुट्टी येते ती मे महिन्यात. मुलांच्या शाळांना सुट्टी, आंब्याचा हंगाम, लग्नसराई, सगळं त्याच महिन्यात. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला ते परत विमानात बसतात. म्हणजे बावीस वर्षांत त्यांनी गावचा श्रावण पाहिलेला नाही. त्यांच्या डोळ्यांत सडा आहे तो मे महिन्याचा. दोन्ही दिरांचंही तेच, एक दोह्याला आणि एक मुंबईत. ज्या चौघांची नावं त्या जमिनीवर आहेत, त्यांपैकी पावसाळ्यात ती पाहणारी एकच, माझी नणंद. आणि तीही लग्न होऊन चिपळूणकडे गेलेली.

माझ्या फोटोंची सुरुवात यातूनच झाली. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना मोबाईल माझ्याकडे आला. मुलांचे अब्बा रोज रात्री फोनवर विचारायचे, "आज काय केलंस?" माझं उत्तर रोज तेच. एकदा ऑगस्टमध्ये शेजारणीबरोबर टाकळ्याची भाजी खुडायला वर गेले होते, तेव्हा शब्दांऐवजी फोटो पाठवला. कातळाच्या खोलगटात पाणी साचलेलं आणि त्या पाण्याभोवती जांभळ्या-निळ्या फुलांचा गालिचा. त्यांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी लिहिलं, "आपल्याच सड्यावर." पाच मिनिटांनी उत्तर आलं, "कुठला आपला?"

तेव्हापासून फजरची नमाज आणि चहा झाला की आठवड्यातून दोन-तीनदा मी वर जाते. नऊच्या आत परत. शेजारच्या वाडीतले गुरं राखणारे काका पहिल्या वर्षी रोज विचारायचे, "भाबी, काय हरवलंय काय?" गुडघ्यावर बसून कातळात बघणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. आता तेच सांगतात, "भाबी, त्या करवंदीच्या पलीकडं आज पिवळं आलंय."

सड्यावरच्या फुलांचं वेळापत्रक असतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कातळावर माती म्हणाल तर कुठे बोटभर, कुठे तीही नाही. त्यामुळे ज्याला उगवायचं, फुलायचं आणि बी टाकायचं, ते सगळं पाऊस आहे तोवर उरकावं लागतं. जूनच्या पहिल्या सरींनंतर कांद्यासारख्या कंदातून पांढऱ्या फुलांचा दांडा वर येतो. अभ्यासक त्याला दीपकाडी म्हणतात. तिच्या शास्त्रीय नावात 'कोकण' आहे, कारण ती इथल्या सड्यांवरची. कोकण-गोव्याच्या या पट्ट्याबाहेर ती जगात कुठे उगवत नाही. जुलैत गडग्यांवर कळलावी चढते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. ती दिसायला देखणी, पण कंदापासून बीपर्यंत विषारी, म्हणून लहान मुलांना तिथे एकटं सोडू नये. ऑगस्टमध्ये तेरडा येतो. त्याची पिकलेली शेंग बोट लावताच फुटते आणि बिया उडतात. माझी नात हसून हसून लोळते. आणि सप्टेंबर म्हणजे सड्याची ईद. कवल्याची पिवळी फुलं, मुलांच्या भाषेत 'मिकी माऊस', कारण पाकळीवर दोन लाल ठिपके असतात. गेंदाची पांढरी बटणं, कातळावर कुणी साबुदाणा सांडावा तशी. या गेंदांच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच 'रत्नागिरी' आहे. आणि सीतेची आसवं, म्हणजे मी पहिल्यांदा पाठवलेला तो जांभळा गालिचा.

या सीतेच्या आसवांची गोष्ट मला फोटोमुळेच कळली. फूल नखाएवढं. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्याला पान जवळपास दिसेना. मुलीने शोधून सांगितलं की ही वनस्पती किडे खाते. जांभ्यावरच्या पाण्यात नत्र फारच कमी, मग हिने चिखलात आणि पाण्यात बारीक पिशव्या पसरून ठेवल्या आहेत. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं तोंड उघडतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तो आत ओढला जातो. तिच्याच शेजारी दवबिंदू नावाचं एक रोप असतं. त्याच्या पानांवरच्या केसांवर चिकट थेंब चमकत असतात आणि बसलेला किडा सुटत नाही. चार्ल्स डार्विनने अशा कीटकभक्षी वनस्पतींवर १८७५ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या जमिनीला आपण काही नसलेली म्हणतो, तिथे राहणाऱ्यांनी त्या 'काही नाही'वरच उपाय शोधलेला आहे. रब्बुल आलमीनची कारागिरी पाहायला दूर जावं लागत नाही, हे मला तिथे गुडघ्यावर बसून पटलं.

नावांच्या बाबतीत मात्र अडचण आली. माझ्या सासूबाई आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना फोटो दाखवले की टाकळा, कुर्डू, भारंगी, कवला अशी नावं त्या धडाधड सांगतात. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात कोवळी, कशात सुकट घालायची, कशात चण्याची डाळ, तेही. पण गेंद किंवा दीपकाडी दाखवली की म्हणतात, "ते गवत गं." ताटात येतं त्याला नाव आहे, ताटात येत नाही ते गवत. गुरं राखणाऱ्या काकांची यादी वेगळी. गुरं काय खातात आणि काय टाळतात, यावरून त्यांची नावं. मी एका जुन्या वहीत तीन रकाने केले : सासूबाईंचं नाव, काकांचं नाव, पुस्तकातलं नाव. काही ओळींत तिन्ही भरले आहेत, काहींत एकच. ही माणसं आहेत तोवर पहिले दोन रकाने भरायला हवेत. तिसरा नंतरही भरता येईल.

सासूबाईंमुळे आणखी एक गोष्ट घडली. आमच्या घरात भिंतीवर तस्वीर लावायची पद्धत नाही. सासरे वारले तेव्हाही मुलांनी त्यांचा फोटो मोठा करून आणला होता, तो सासूबाईंनी कपाटात ठेवायला लावला. जीव असलेल्याची तस्वीर नको, झाडा-फुलांची चालते, हे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं. मुलीने माझे बारा फोटो छापून आणले तेव्हा मला वाटलं, हेही कपाटात जाणार. सासूबाईंनी एकेक हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "दिवाणखान्यात लाव." पंचवीस वर्षं कोऱ्या असलेल्या भिंतीवर आज बारा फुलं आहेत. आपल्या मशिदींच्या मेहराबींवर, जुन्या किताबांच्या हाशियांवर वेली आणि फुलं का भरून असतात, ते त्या दिवशी नव्याने लक्षात आलं.

फुलांची तस्वीर काढण्याचा आपला वारसा जुनाही आहे. जहांगीर बादशहा १६२० साली वसंतात काश्मीरला गेला, तेव्हा तिथली फुलं मोजता येणार नाहीत इतकी आहेत असं त्याने आपल्या आठवणींत लिहिलं. त्याच्याबरोबरच्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्यांतल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली. आज त्यांतली अगदी थोडी शिल्लक आहेत. लाल ट्यूलिपचं एक प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. बादशहाला काश्मीर गाठावं लागलं. आपल्याला घाटी चढायची आहे.

आता सातबाऱ्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी चिरेखाणीवाल्यांचा माणूस घरी आला. रस्त्यालगतचा सडा, ट्रक थेट येतो, दगड चांगला. त्याने सांगितलेली रक्कम लहान नव्हती. मुलीची फी होती, धाकट्या दिराचं मुंबईतलं घर अर्धवट होतं, नणंदेच्या मुलाचा निकाह ठरत होता. पैसा नको म्हणणं सोपं नसतं आणि चिरेखाण वाईट असंही मी म्हणत नाही. मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे, ते चिऱ्यांचंच आहे. पण खाण म्हणजे काय ते आम्ही शेजारी पाहिलं होतं. आमच्या हद्दीला लागून जो सडा होता, त्याचा १४ सप्टेंबर २०२१ चा माझ्याकडे फोटो आहे. डावीकडे गेंद, उजवीकडे सीतेची आसवं, मधे पाण्याचा आरसा. त्याच जागेवरून, त्याच करवंदीजवळ उभं राहून मी २०२३ च्या सप्टेंबरात फोटो काढला. त्यात दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा आहे आणि तळाशी गढूळ पाणी.

जांभ्याचा कातळ पावसाळ्यात पाणी पितो. भेगांतून ते झिरपत खाली जातं आणि डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतं. आमच्या मोहल्ल्याची विहीर त्याच पायथ्याशी आहे. मशिदीच्या वजूच्या हौदालाही तेच पाणी. आंब्याची बाग केली तर? तोही पर्याय पुढे आला. सड्यावर बाग म्हणजे कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे आणि बाहेरची माती आणून भरायची. अशा बागांनी कितीतरी घरं उभी केली आहेत. पण खड्डे पाडले की ते पाण्याचे आरसे आणि बोटभर मातीवरची बाग संपते. तिला पुन्हा कुणी लावू शकत नाही, ती रोपवाटिकेत मिळत नाही.

मी यातलं काही भाषणासारखं बोलले नाही. दोन्ही फोटो, तारखांसकट, चौघांना पाठवले. दिराने विचारलं, "हे काश्मीर-बिश्मीर नाही ना?" नणंदेने त्यालाच उत्तर दिलं, "लहानपणी आपण तिथेच गुरं घेऊन जायचो, विसरलास काय?" मुलांच्या अब्बांनी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मग फोन करून म्हणाले, "मी आल्याशिवाय सही करू नका. आणि मी या वेळी मे महिन्यात येत नाही."

ते सप्टेंबरात आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आंबा नाही, लग्न नाही, पाऊस मात्र रोज. त्यांच्या गुडघ्याला घाटी झेपत नव्हती, तरी तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. ते फार काही बोलले नाहीत. चप्पल काढून पाण्यात उभे राहिले आणि बराच वेळ तसेच होते. घरी येऊन त्यांनी भावांना फोन लावला. ठरलं ते असं : खाणीला जमीन द्यायची नाही. पण नणंदेची गरज खरी होती आणि तिचा हिस्सा तिचा हक्क आहे. म्हणून तिच्या वाट्याची जी रक्कम झाली असती, ती तिघा भावांनी दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने तिला द्यायची. धाकट्या दिराचं घर वर्षभर उशिरा पूर्ण होणार आहे. फुलं फुकट मिळाली असं मी म्हणणार नाही. आमच्या घराने त्यांची किंमत मोजली आहे आणि अजून मोजतो आहोत. पुढची पिढी काय करील ते अल्लाह जाणे, पण ती निर्णय घेईल तेव्हा तिच्यासमोर सप्टेंबरचे फोटोही असतील.

साताऱ्याच्या कास पठाराचं नाव सगळ्यांना माहीत आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. आमच्याकडची मंडळी गाड्या करून, तिकीट काढून तिथे जातात. जरूर जावं. पण रत्नागिरीच्या सड्यांनीही जगाचं लक्ष वेधलं आहे, ते कातळशिल्पांमुळे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या इथल्याच हौशी शोधकांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ती शोधली. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली ही ठिकाणं गेली. त्यांतली सात आपल्या जिल्ह्यातली आहेत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच कातळावर गुडघे टेकून बसलं होतं. त्यांना तो रिकामा वाटला नव्हता.

ज्या बहिणींना आणि मुलांना हे करून पाहावंसं वाटेल, त्यांच्यासाठी थोडं. महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळची वेळ आणि किंचित ढगाळ उजेड सगळ्यात चांगला. कडक ऊन पडलं तर छत्रीची सावली फुलावर धरा. मोबाईल फुलाच्या उंचीवर न्या, वरून खाली काढलेला फोटो सपाट येतो. बसायला प्लास्टिकचं पोतं न्या. भिंग ओढणीच्या कोरड्या पदराने पुसा, पाऊस असला की दर वेळी. एक फोटो फुलाचा, एक पानाचा, एक सबंध रोपाचा आणि एक आजूबाजूच्या जागेचा घ्या. आकार कळावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. फूल खुडू नका, आणि एका फुलासाठी दहा तुडवू नका. उघड्या कातळावर पाय टाकत चला. पायात बूट हवेत, कारण सडा हे फुरशाचंही घर आहे. दगडाखाली, गवताच्या ठोंबात हात घालायचा नाही आणि मुलांना एकटं पाठवायचं नाही. नाव कळलं नाही तर फोटो 'आय-नॅचरलिस्ट' किंवा 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर टाका, तिथे जाणकार नाव सांगायला मदत करतात. आणि प्रत्येक फोटोला तारीख आणि जागा लिहून ठेवा. आमच्या घरात शेवटी उपयोगी पडली ती तारीखच.

ज्यांचं माणूस आखातात आहे त्यांनी एक करावं. येत्या सप्टेंबरात एका सकाळी आपल्या गावच्या सड्यावर, माळावर किंवा परसदारच्या गडग्यावर जे फुललं असेल त्याचा फोटो काढून पाठवावा. खाली एवढंच लिहावं, "हे आपलं आहे." मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला त्याचं नाव विचारावं आणि ते वहीत उतरवून ठेवावं.